साडेचार इंचांचा घाट

माझी गाडी हळदीच्या रंगाची आहे, दोनच माणसांची, आणि तिचं पोट रस्त्यापासून साडेचार इंचांवर असतं. हा शेवटचा आकडा मी गाडी घेण्याआधी मोजला नव्हता. मी उसाच्या रोपांची नर्सरी चालवते आणि दर सोमवारी आठवड्याची यादी करते. अशा बाईकडून ही चूक झाली, कारण पुण्याच्या एका डॉक्टरांनी आपली विकायची गाडी चालवून बघायला दिली आणि पहिल्या वळणानंतर पिशवीतला टेप काढायचं माझ्या डोक्यातच राहिलं नाही.

आमचं गाव पलूसजवळ. नदीचं पाणी शेतात न्यायला जो तो रस्ता खणून पाईप टाकतो आणि वर मातीचा उंचवटा सोडून देतो. ट्रॅक्टरला त्याचं काही वाटत नाही. माझी गाडी मात्र पहिल्याच दिवशी अंगणात शिरली ती दारातल्या उंचवट्यावर खर्रकन पोट घासत. तो उंचवटा आमचाच, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी घातलेला. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. पल्टणीत त्यांनी उभी नोकरी ट्रक चालवले, तेही बर्फाच्या डोंगरात.

"आबा, दारातली एवढी माती काढूया का?"

"पाईप उघडा पडंल."

सहा महिने माझा प्रश्न तोच आणि त्यांचं उत्तरही तेच. गाडीत ते एकदाही बसले नाहीत. "जमिनीवर बसायचं तर घरात घोंगडं हाय की," म्हणायचे. दिवाळीत पाहुण्यांसमोर त्यांनी अट घातली. "पाटणच्या वर आमच्या लेकीचं गाव हाय. त्यो घाट चढून, उतरून, पोट न घासता ही गाडी परत अंगणात आली, तर मी कायमचा गप्प. घासली, तर इकायची."

"चालेल," मी म्हणाले. "पण घासलं की नाही, हे ठरवायला तुम्ही शेजारी बसायचं."

पाहुणे हसले. आबा हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

मी लगेच कामाला लागले. आबांच्या वजनाइतकं खत त्यांच्या सीटवर ठेवलं, स्वतः बसले आणि नवऱ्याला गाडीखाली टेप धरायला लावला. उंची भरली पावणेचार इंच. आबा कट्ट्यावरून बघत होते.

"म्हंजे मी खताचं पोतं व्हय?"

"दीड पोतं, आबा."

मग सुताराकडून फळी कापून घेतली. पुढच्या-मागच्या चाकांत जेवढं अंतर, तेवढी लांब, आणि दोन्ही टोकांना खाली पावणेचार इंचांचे ठोकळे. उंचवट्यावर फळी टेकली, तर गाडीही टेकणार. ती फळी नर्सरीच्या जीपमध्ये टाकून मी एक रविवार सबंध रस्त्यावर घालवला. यादी सतरा जागांची झाली. प्रत्येकीपुढे शेरा होता: सरळ, तिरकं किंवा अगदी तिरकं. गाडी तिरकी घातली की एकेक चाक चढतं आणि पोट वर राहतं. पहिला नंबर आमच्याच दारातला. त्यापुढे लिहिलं होतं: "मी एकटी. आबांनी उंचवट्यापलीकडे गाडीत बसावं."

निघालो तो दिवस मार्गशीर्षातला होता. उसाच्या ट्रॉल्यांमागून कराडपर्यंत रांगत गेलो. माझं डोकं ट्रॉलीच्या चाकाच्या बरोबरीला होतं. पाटण सोडून घाट लागला आणि रस्ता एका गाडीपुरता उरला. एका अंगाला जांभ्या दगडाची भिंत, दुसऱ्या अंगाला कठडा, तोही असला तर असला. मी दुसऱ्या गिअरवर आले आणि गाडीने आवाज बदलला.

तो चढ मला आजही अंगात जाणवतो. इतक्या खाली बसलं की रस्ता धावताना दिसतो, खडी न् खडी दिसते, आणि वळणावर गाडी कलत नाही, रस्त्याला धरून वळते. एकामागून एक सहा वळणं. माझ्या हाताला घाम आणि तोंडावर हसू, दोन्ही लपवता येईनात. यादी पाठ होती. आंब्याचं झाड, तिरकं. मोरी, अगदी तिरकं. पडकं शेड, सरळ. चौथ्या वळणानंतर आबा पहिल्यांदा बोलले.

"गिअर उशिरा टाकतीस. वळणाच्या आधी टाक."

पुढच्या वळणाला आधी टाकला. गाडी बाणासारखी बाहेर पडली. आबांनी दाराची कडी घट्ट धरली होती, पण डोळे लकाकत होते.

वर पोचलो तेव्हा पोटाला एकही नवा ओरखडा नव्हता. खरी गंमत पुढे होती. आबांना गाडीतून उठता येईना. गुडघे वर, बूड खाली. पाय आधी बाहेर, मग हात दारावर, मग मनात एक-दोन-तीन. घोंगड्याचे टोमणे कुठून येत होते, ते मला तेव्हा कळलं. मी गाडीभोवती फिरून टायर बघण्याचं नाटक केलं.

जेवणं झाली. निघताना वन्संनी नव्या तांदळाचं पोतं आणि नाचणीचं पोतं डिकीत घातलं.

"वन्सं, एसटीने पाठवा की."

"माहेरच्या गाडीला लेकीचं ओझं व्हतंय व्हय?"

मी टेप लावला. उंची सव्वातीन इंच. माझी सगळी यादी चढतानाच्या वजनावर केलेली. लेकीच्या घरून कुणी रिकामं परतत नाही, हे मला लग्नापासून माहीत आहे, पण यादीत मी ते लिहिलं नव्हतं. आबांनी टेपवरचा आकडा वाचला. ते नुसते गप्प बसले असते, तरी पुरे होतं. पहिल्या मोरीवर गाडी घासली असती आणि विषय संपला असता.

घाट सुरू झाल्यावर ते म्हणाले, "थांब. दोन पोती म्हंजे एक मी. मी उतरतो."

"तुमचे गुडघे?"

"माझं हायत. तू गाडी बघ."

ते उतरले आणि पुढे जाऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मूठ म्हणजे थांब, तळवा म्हणजे ये, अंगठा जिकडे तिकडे चाक. अर्धा इंच, अर्धा इंच करत मी मोरी तिरकी ओलांडली. ते चालत आले, बसले, पुढच्या जागी पुन्हा उतरले. चौथ्या ठिकाणी वर येणारी एसटी समोर आली. आबांनी तिला नुसत्या पंजाने थांबवलं.

ड्रायव्हरने खिडकीतून वाकून विचारलं, "आजोबा, गाडी बसलीया का निजलीया?"

"ती जागी हाय. तू झोपू नगंस, ब्रेक धर."

सगळी एसटी हसली. मी मात्र आबांच्या अंगठ्यावर नजर ठेवून होते. डावं पुढचं चाक चढलं, उतरलं, मग मागचं. खालून आवाज नाही. कंडक्टरने शिट्टी वाजवली, आणि आबांनी तिला मान देऊन, मला कडेच्या रुंद जागेत घेऊन रस्ता मोकळा केला.

घाटापासून गावापर्यंत ते अकरा वेळा उतरले. शेवटी शेवटी मी हात पुढे केला, तर धरला.

दारात पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. शेवटचा उंचवटा, यादीतला पहिला. आबा उतरले, तरी घरातून आणलेली फळी वर टेकत होती. सकाळी मी एकटी केसभर अंतराने निघाले होते, आता डिकीत पोती होती.

"पोती इथंच उतरवते," मी म्हणाले. "दहा पावलांवर तर घर आहे."

"ऱ्हाऊ दे."

ते आत गेले आणि खोरं घेऊन आले. मी खोरं मागितलं, दिलं नाही. सावकाश, कंबर धरत, त्यांनी उंचवट्याचा माथा काढला आणि पायाने माती दाबली. नवरा अंगणातून बघत राहिला.

"पाईप उघडा पडेल ना, आबा?" मी विचारलं.

"तसा तीन फूट खाली हाय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, आणि तळवा वर केला: ये.

मी सरळ आत आले. तिरकी नाही, सरळ.

आबांनी वाकून गाडीखाली पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. मग खोरं भिंतीला लावून कट्ट्यावर टेकले आणि गुडघे चोळत बसले. मी वहीत पहिल्या नंबरवर काट मारली.

"म्हसवडला देवाला जायच्या वाटंला किती उंचवटं हायत?" त्यांनी विचारलं.

"मोजले नाहीत."

"मग रविवारी फळी टाक जीपमधी. येताना परसादाचं वजन धर."

मी ते लिहून घेतलं.