मामा आणि मातीचा किल्ला

माझ्या नवऱ्याच्या मामांइतका संशयी पाहुणा जपानच्या विमानतळावर आजवर उतरला नसेल. त्यांचा सारा जन्म साताऱ्यात जमीन मोजणी खात्यात गेला. बांधाबद्दल सगळेच खोटं बोलतात, हा तिथला अनुभव ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे कावासाकीला घेऊन आले. गाड्या मिनिटावर येतात हे त्यांना पटेना. म्हणाले, "घड्याळंच मागंपुढं करत असतील." दुकानाबाहेर ठेवलेली छत्री इथे कोणी नेत नाही असं मी सांगितलं, तर माझी नवी छत्री ठेवून पाऊण तास समोर उभे राहिले. छत्री जागेवरच. "मी बघतोय हे कळलं त्यांना!" मी कचरा वेगवेगळा करून ठेवला की, "पुढे सगळं एकाच गाडीत ओतत असतील," म्हणून एका सकाळी त्या गाडीमागे दोन चौक चालत गेले.

आमच्या इमारतीमागे झाडीने भरलेला मातीचा उंचवटा होता. पुढे पाटी, इथे मध्ययुगात किल्ला होता म्हणून. मामा हसले. "तट कुठाय? पाण्याचं टाकं?" मी सांगितलं, इथले जुने किल्ले मातीचेच असत; वरचं लाकूड गेलं, माती राहिली. आपल्याकडे नसतात का मातीच्या गढ्या?

"गढीला वारस असतात, भांडणं असतात. याच्यावर एक दावा नाही!"

उंचवट्याच्या पायऱ्या शेजारच्या ऐंशीच्या आजी रोज झाडत. जागा विकली गेली, तिथे गाड्यांचा तळ होणार असं ठरलं, तेव्हा त्या सह्यांचा कागद घेऊन माझ्याकडे आल्या. आमच्या इमारतीत आठ भारतीय घरं. मी सही केली की बाकीची करतात, हे त्यांना ठाऊक होतं.

"थांब, मोजू दे," म्हणत मामा टेप घेऊन दोन दिवस चढउतार करत राहिले. निकाल दिला, "विहीर खणताना निघालेली माती आहे. आणि या बाईंना खिडकीसमोर गाड्या नकोत, म्हणून किल्ला!" मला ते व्यवहारी वाटलं. मी सही न करता आजींना गोड बोलून वाटेला लावलं.

मामा परत गेल्यावर यंत्र आलं. उंचवटा उभा कापला गेला आणि आत थर दिसले, काळा, पिवळा, पुन्हा काळा, वीतवीतभर, अगदी समतल. सरकारी माणसांनी दोन दिवस फोटो काढले. तिसऱ्या दिवशी जमीन सपाट. मी मामांना एक फोटो पाठवला. दहा मिनिटांत फोन.

"ही माती धुम्मसाने ठोकून घातलीय गं. माणसांनी. खरंच किल्ला होता."

आता फोनवर भाच्याची चौकशी नंतर होते. आधी विचारतात, "त्या बाई बोलतात ना तुझ्याशी?"

"बोलतात की, मामा."

त्यांना ते पटत नाही. या एका बाबतीत त्यांचा संशय खरा आहे, आणि तो मला दूर करता येत नाही.