आधी सुई, मग ओटी

आमच्या गल्लीत डोहाळजेवण असलं की पहिली ओटी गुलाबमावशींनी भरायची, असा रिवाजच पडला होता. पण हातातला नारळ त्या लगेच पोटुशीच्या पदरात घालत नसत. आधी तिच्या डोळ्यांत बघून विचारत, "सुई टोचली का गं?" उत्तर "हो" आलं, तरच नारळ पदरात. पाहुण्या हसायच्या. आम्ही गल्लीतले हसत नसू. तेवढी आमची छाती नव्हती.

मावशी पिंपळगावच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये बायांच्या टोळीच्या मुकादम होत्या. खराब मणी कातरीने टिपावा, तसा त्या माणसाच्या बोलण्यातला पोकळ शब्द टिपायच्या. माझ्या बोलण्यात त्यांना बराच माल सापडे. "सुधाकर, तुझ्या घडात मणी कमी, देठंच लय," असं त्या एकदा माझ्या बायकोसमोर म्हणाल्या. बायकोने ते पाठच केलं.

माझी लेक रोहिणी सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. डोहाळजेवणाला सातपूरहून विहीणबाईही आल्या. रोहिणी फुलांचे दागिने घालून बसली होती आणि मी इतरांनी लावलेल्या खुर्च्या सरळ करत होतो. मावशींनी नारळ घेतला आणि विचारलं.

"धनुर्वाताची झाली, मावशी," रोहिणी म्हणाली. "डांग्या खोकल्याची डॉक्टर पुढच्या भेटीला देणार होते, तेवढ्यात मी इकडे आले."

"मला वाटलं, सासरी सगळं उरकलं असेल," माझी बायको म्हणाली.

"आणि आम्ही म्हटलं, पहिलं बाळंतपण माहेरचं, तेव्हा तुम्हीच द्याल," विहीणबाई म्हणाल्या.

दोन्ही घरांनी एकमेकांचा मान राखला होता आणि त्यात लस तेवढी राहून गेली होती. दोन वेगळ्या लशी असतात, हेच मला तेव्हा पहिल्यांदा कळत होतं.

मावशी नारळ मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या. "आधी सुई, मग ओटी."

"आता आठवा लागेल, आठव्यात काही नको म्हणतात," विहीणबाई चाचरत म्हणाल्या. "आणि जपायचं बाळाला, तर लस हिला कशाला?"

"मण्याला कुणी पाणी घालतं का? मुळाशी घालायचं, मण्याला पोचतं." मग आवाज जराही न चढवता मावशी म्हणाल्या, "माझी पयली पोर खोकून खोकून निळी पडायची. महिन्याची पण नव्हती. श्वास वढायची, तो यायचाच नाय. एका खेपेला आलाच नाय. तवा पोटुशीला अशी सुई नव्हती. आता हाय, तर मी गप बसू?"

इतक्या वर्षांत हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. विहीणबाईंनीच रोहिणीचा हात धरून तिला उठवलं.

दवाखान्यात फुलांनी मढलेली ही वरात बघून डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग म्हणाल्या, "हीच वेळ आहे या लशीची. बरं झालं आलात." सुई बाहेर निघाली तशी मी भिंत धरली.

"टोचली तिला आन् घाम याला," मावशी विहीणबाईंना म्हणाल्या. दोघी पहिल्यांदा एकत्र हसल्या, तेही माझ्यावर. घरी येऊन ओटी भरली, तोवर पुरणपोळ्या गार झाल्या होत्या. त्या दिवशी कुणी तक्रार केली नाही.

मावशी गेल्या उन्हाळ्यात वारल्या. गल्लीत अजून डोहाळजेवणं होतात, प्रश्न आता विहीणबाई विचारतात. त्यासाठी सातपूरहून बस पकडून येतात. मला मात्र मावशी आठवतात त्या नातीच्या बारशाच्या. त्या आत आल्याच नाहीत. "पडसं हाय मला," म्हणत पदर तोंडावर धरून अंगणात उभ्या राहिल्या. बायकोने बाळ खिडकीशी नेलं. मावशी बाळाच्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. झबल्याखाली हलणाऱ्या छातीकडे बघत होत्या.

"मावशी, नाव काय ठेवलं ते तरी विचारा," रोहिणी आतून म्हणाली.

"सांगशील मागनं," मावशी म्हणाल्या. "श्वास घेती ना, तेवढं बघू दे."