झेंड्याची मेढ

गाणे चालू असताना उभा असलेला माणूस म्हणजे निघायच्या तयारीतला माणूस, असे मुरबाड तालुक्यातल्या त्या गावात सगळे मानत. लग्नातले गाणे असो की देवळातले भजन, ऐकणाऱ्याने खाली बसायचे, हाच तिथला मान. मला हे कोणी आधी सांगितले नव्हते. मी शहापूरचा. तिथल्या हौशी नाटकमंडळीत मिशा फुटेपर्यंत राण्या आणि दासी केल्या, आणि मिशा फुटल्यावर नाइलाजाने मास्तर झालो. लढाई चालू होती त्या वर्षांत या गावच्या शाळेवर माझी नेमणूक झाली. एक खोली, एक फळा, एक मास्तर.

पहिल्याच हिवाळ्यात शाळा तपासायला डिपोटीसाहेब आले. त्या काळी साहेब आला की मुलांनी राजाचे गाणे म्हणायचे असे. मी महिनाभर घोटून घेतले होते आणि मुलांनी ते न अडखळता सुरू केले. पण पहिला शब्द कानावर पडताच शाळेच्या दारात जमलेले सगळे गाव भुईवर बसले. टोपी सारखी करून, मांडी घालून, अगदी आदराने बसले. साहेबांचा चेहरा लाल झाला. पाटील काठी घेऊन धावले.

"उठा रे! उठा! राजाचं हाय!"

एक म्हातारा गुडघ्यावर हात ठेवून उठता उठता म्हणाला, "का रे? संपला पन?"

मी साहेबांना सांगितले की हे बसले तो मान दिला. साहेबांना ते निम्मे पटले असावे. मग त्यांनी विचारले, "पण ही मोठी माणसे गाणे म्हणत का नाहीत?" याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते मिळायला मला आणखी चार वर्षे लागली.

उत्तर असे होते की त्या गावात सगळ्यांनी एकदम गायचे असे गाणेच नव्हते. एकाने ओळ द्यायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची, ही तिथली रीत. देवळात पुरुष झेलत, बाया ऐकत. लग्नात बाया झेलत आणि पुरुष मांडवाबाहेर विड्या ओढत. बायांना ओळ देणारी होती गावची धवलारीण. लग्नातल्या एकेका विधीचे आमच्या बाजूला गाणे असते, त्याला धवला म्हणतात, आणि ते जिच्या तोंडी असते ती धवलारीण. हळद दळण्यापासून वरात निघेपर्यंत ती ओळ देते आणि बाया मागून झेलतात. भटजी चुकला तर चालते, धवलारीण चुकून चालत नाही.

तिचे घर शाळेच्या मागच्या भिंतीला लागूनच होते. पंचेचाळिशी ओलांडलेली, काटक, हाताने सतत काहीतरी निवडत असलेली बाई. आवाज गोड नव्हता. नाटकात आम्ही ज्याला गोड म्हणायचो तसा तर मुळीच नव्हता. तो रुंद होता. शंभर बाया त्यावरून एका वेळी चालत जातील असा. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी केलेल्या सगळ्या राण्यांची मला लाज वाटली.

ज्या वर्षी स्वातंत्र्य आले त्या वर्षी, शिमग्याच्या आधी, तिचा नवरा तापाने गेला. इतर गावांत काय चालते ते मला ठाऊक नाही, पण या गावात धवला सवाष्णीनेच द्यायचा असा नेम होता. तिच्या कपाळाचे कुंकू गेले त्याच दिवशी तिची गाणीही गेली. त्या उन्हाळ्यात गावात दोन लग्ने झाली. दुसरीच एक बाई पुढे बसली, तिने अर्धे विसरून, अर्धे जोडून कसेबसे निभावले. मांडवापासून लांब, चुलवणाजवळ, आमची धवलारीण तांदूळ पाखडत होती. प्रत्येक चुकलेल्या ओळीला तिचे सूप क्षणभर थांबत होते.

पुढे पावसाळ्यात मुरबाडला आम्हा मास्तरांना बोलावून सांगितले की येत्या शुक्रवारी सकाळी गावोगाव झेंडा चढवायचा आणि देशाचे गाणे म्हणायचे. गाणे कागदावर लिहून दिले. चाल एकदा म्हणून दाखवली. त्या वेळी कोणते गाणे आणि कोणती चाल, याबद्दल शहापूरचे मत एक आणि मुरबाडचे दुसरे होते, पण मला त्याची फिकीर नव्हती. मला चार लोकांत बोलायची खुमखुमी भारी. मी उभा राहून म्हणालो, "नुसती शाळा नव्हे, माझे अख्खे गाव गाईल. बायका आणि पुरुष, एका सुरात."

टाळ्या पडल्या. परत येताना चिखलात रुतलेली बैलगाडी ओढून काढताना मला कळले की मी काय बोलून बसलो आहे.

तीन दिवस शिकवले. मुले शिकली. मोठी माणसे संध्याकाळी भातातले तण बेणून थकून येत, मी ओळ म्हटली की गप्प बसून माझ्याकडे पाहत, आणि मी थांबलो की म्हणत. मी म्हणायचो, "माझ्याबरोबर म्हणा, मागून नको." ते मान हलवत आणि पुन्हा थांबत. तिसऱ्या दिवशी मी धवलारणीच्या ओटीवर जाऊन बसलो.

"मावशी, सगळ्या गावाला घेऊन गाणारे इथे कोण आहे?"

"व्हती येक," ती वाल सोलत म्हणाली. "आता नाय."

"हे लग्नातले गाणे नाही. देशाचे आहे. यात हळद नाही, कुंकू नाही."

तिने वालाची टोपली बाजूला सारली. मग भिंतीकडे तोंड करून, अगदी हलक्या आवाजात, सगळे गाणे म्हटले. एक शब्द चुकला नाही. रोज शाळेच्या भिंतीपलीकडून ऐकत होती.

"दुसऱ्या वळीला तुमी वर चढता नं," ती म्हणाली, "तितं उतराया जागाच ठेवीत नाय. पोरं मागं राहतात."

"मग तुम्ही द्याल ओळ? पुढे उभ्या राहून?"

तिने टोपली पुन्हा पुढ्यात ओढली. नंतर म्हणाली, "गाव म्हनल तं." आणि मी उठलो तेव्हा हळूच विचारले, "शुक्रवारीच नं?"

दुसऱ्या सकाळी तिच्या ओटीवरच्या वलणीवर पेटीतले लुगडे धुऊन टाकलेले दिसले.

पाटलांना मी विचारले. ते म्हणाले, "देशाचं गानं हाय तं गाऊ दे. माजा काय नाय. पन गुरुजी, मानसा येतील का बगा. सगली शेतात हायत."

तेव्हा बुधवारी संध्याकाळी मी देवळाच्या ओट्यावर सगळ्यांना जमवले आणि माझ्यातला नट जागा झाला. मी म्हणालो, "लग्नघरात मांडवाची पहिली मेढ कोण रोवतो? घरधनी. आजवर या घरात दुसराच मेढ रोवत होता आणि आपण घरधनी असून बाहेर उभे होतो. परवा आपण आपल्या हाताने आपली मेढ रोवणार. आपल्या दारची मेढ, आणि आपणच यायचे नाही?"

जे माना खाली घालून बसले होते त्यांनी वर पाहिले. एका म्हाताऱ्याने डोळे पुसले. पाटील उठून म्हणाले, "येनार! सगली येनार!" मी घरी गेलो तो जमिनीवर पाय न टेकता.

गुरुवारी शाळेपुढे खांब रोवायला खड्डा खणला. पाटलांनी सागाचा सरळ वासा दिला होता. मी बघतो तो पाटलीणबाई पाच सवाष्णी घेऊन आल्या. हातात हळदीचे ताट, आंब्याचा टहाळा, तांदूळ. खड्ड्यात हळद पडली, वाशाला टहाळा बांधला गेला. मी हरखून बघत होतो. मग पाटलीणबाई हात पुसत म्हणाल्या, "आनि गुरुजी, ती पुढं उभी राहनार असं आयकला. मेढीखाली ती कशी उभी राहील?"

"बाई, ही झेंड्याची काठी आहे."

"काल तुमीच म्हनालात मेढ. सगल्या गावानं आयकला."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, कुजकेपणा नव्हता. त्या आणि धवलारीण एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आल्या होत्या. वीस वर्षे धवल्यात हिने ओळ दिली की पहिली झेलणारी पाटलीणबाईच. पण मेढ म्हटली की मेढीचे सगळे नेम आले, आणि मेढीखाली उभे राहायचे ते सवाष्णीनेच. मी तेव्हाच म्हणायला हवे होते की बुधवारी बोललो ते नाटकातले बोलणे होते, मागे घेतो. सभोवार हळदीने पिवळे झालेले हात होते आणि सगळे गाव येणार होते. मी गप्प राहिलो. आयुष्यात मी फार बोललो, आणि जिथे बोलायचे तिथे हा असा गप्प बसलो.

तिला सांगायला मलाच जावे लागले. ती दारातच उभी होती, तिला आधीच कळले होते.

"तुमी मेढ म्हनालात?"

"हो."

"मंग त्यांचा बरोबर हाय," ती म्हणाली. वलणीवरचे लुगडे काढून तिने त्याची घडी घातली. घडी मोडून पुन्हा घातली. "उभी तं राहू नं? मागं, कोंडवाड्याच्या भिंतीशी? तोंड नाय उघडनार."

मी होकाराची मान हलवली. दुसरे काही करण्याइतका मी मोठा नव्हतो.

शुक्रवारी पाऊस भुरभुरत होता. गाव आले. बसू नका म्हणून पाटलांनी आधीच बजावले होते, म्हणून सगळे उभे होते, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया, आणि सगळ्यांच्या पाठीमागे, कोंडवाड्याच्या भिंतीशी, तिघी-चौघी विधवा. झेंडा वर गेला, टहाळ्यात अडकला, पाटलांनी हिसका दिला आणि सुटला. मी गाणे सुरू केले.

फार वर सुरू केले. मुरबाडपर्यंत ऐकू जावे असा काहीतरी मोह असणार. दुसऱ्या ओळीला, ती म्हणाली होती नेमके तिथेच, माझा आवाज फाटला. मुले माझ्याकडे पाहू लागली आणि एकेक करून थांबली. मोठी माणसे तर ओळ संपायची वाट पाहत होती. कोणी म्हणेना. झेंड्यावरून पाणी ठिबकत होते, तेवढा आवाज. एवढ्या लोकांपुढे असा उघडा मी कुठल्या नाटकात पडलो नव्हतो.

आणि मागून ओळ आली.

खालच्या सुरात, रुंद, सावकाश. पूर्ण ओळ आली आणि थांबली.

ती झेलली पाटलीणबाईंनी. माझ्यासमोर दहा हातांवर उभ्या होत्या, मी त्यांचा चेहरा पाहत होतो. आपण गातो आहोत हे त्यांना निम्मी ओळ झाल्यावर कळले. वीस वर्षांची सवय, तोंड मनाच्या आधी उघडले. त्यांच्यामागून सगळ्या बायांनी ओळ उचलली. मागून पुढची ओळ आली. या वेळी पुरुषही होते, आधी चाचरत, मग मोकळे. ओळ यायची, सगळे गाव ती झेलायचे. मुरबाडला एकदाच म्हटलेले गाणे आमच्या गावी दुप्पट वेळ चालले.

एकानेही मागे वळून पाहिले नाही. लहान मूल वळले तर आई त्याची मान पुढे करत होती. वळले असते तर ओळ कोण देते ते दिसले असते, आणि दिसले असते तर थांबवावे लागले असते. सगळ्यांनी डोळे झेंड्यावर खिळवले होते. तिच्याकडे गावाची पाठ होती, आणि त्या पाठींना तिने शेवटच्या शब्दापर्यंत नेले.

गूळ वाटला. तिचे नाव कोणी काढले नाही. सगळे पांगल्यावर पाटलीणबाई गुळाचा खडा घेऊन भिंतीकडे गेल्या. मी काठीची दोरी सोडवायचे निमित्त करून कान तिकडे लावले.

"घे गो."

"ठेव तितं."

"खाली घेतलास बाय सूर."

"गुरुजींनी आढ्याला टांगला व्हता. काडून आनला."

दोघी हसल्या. मग पाटलीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि घरी गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात पाटलांच्या मुलीचे लग्न झाले. धवलारणीला कोणी पुढे बोलावले नाही. चुलवणाजवळ तांदूळ पाखडताना सूप पुन्हा थांबत होते. झेंड्याला जे झाले ते मांडवात होणार नव्हते, हे तीही जाणत होती आणि मीही.

वर्ष फिरून पुन्हा झेंड्याचा दिवस आला. आधी मी पाटलांना म्हणालो की ती मेढ नव्हे, साधी काठी आहे, मागच्या साली मी उगाच बोललो. ते म्हणाले, "हो हो," आणि वाशाला लावायला हळद पाठवून दिली. तेव्हा मी नाटकातली दुसरी विद्या काढली. पात्र पुढे येत नसेल तर रंगमंच त्याच्याकडे न्यायचा. त्या सकाळी जुन्या खड्ड्यात पाणी साचले आहे असे सांगून मी काठी कोंडवाड्याच्या भिंतीशी रोवली. ती मागच्या सालच्या जागी येऊन उभी राहिली तो काठी तिच्यापासून दोन हातांवर.

"गुरुजी, इतं कशाला?"

"तिकडे चिखल आहे, मावशी."

"चिखल सगलीकडंच हाय," ती म्हणाली आणि बाजूला सरायला लागली.

तेवढ्यात गाव आले आणि मागच्यासारखेच झेंड्याकडे तोंड करून उभे राहिले. झेंड्याकडे पाहायचे तर आता तिच्याकडे पाहावे लागत होते. पाटलीणबाई हळदीचे ताट घेऊन पुढे आल्या. माझ्याकडे त्यांनी असे काही पाहिले की मला माझे सगळे अपराध आठवले. काठीला हळद लावली. सगळे गाव थांबून राहिले. पाटलीणबाईंनी एकदा वर झेंड्याकडे पाहिले, मग नजर खाली आणली, सरळ तिच्या तोंडावर.

"कुटं चाललीस?" त्या म्हणाल्या. "दे वळ."