आरतीतली खुर्ची

थळच्या कोळीवाड्यात गोदूबाईंची सून नूतन आळशी म्हणून प्रसिद्ध आहे. लग्न होऊन आली तेव्हा हीच नूतन मासळीची पाटी डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या आधी बाजार गाठायची. दोन वर्षांपूर्वी तिला ताप आला. ताप उतरला, पण ती पूर्वीसारखी उठली नाही. एक दिवस बोंबील वाळत घातले की पुढचे तीन दिवस अंथरुणात. नुसतं उभं राहिलं तरी छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, पाय जांभळे.

रिपोर्ट सगळे नॉर्मल. शेवटी अलिबागच्या एका डॉक्टरांनी तिला आधी आडवं निजवून आणि मग भिंतीपाशी उभं करून नाडी मोजली. उभी राहताच नाडी उधळली. डॉक्टरांनी तिला आणि तिच्या नवऱ्याला, विनेशला, समजावलं: हा थकव्याचा जुनाट आजार आहे. आपण उभे राहिलो की रक्त वर पाठवणारी शरीरातली यंत्रणा आपोआप चालते, ती हिची बिघडली आहे. पाणी, मीठ वाढवा, फार वेळ उभं राहू नका.

विनेश म्हणाला, आईला सांगू. नूतनने त्याला शपथ घातली. आडवं पडलं की बरं वाटतं, असा आजार सासूला कोणत्या तोंडाने सांगायचा?

मग तिने पळवाट काढली. नारळी पुनवेच्या पूजेला सगळा कोळीवाडा किनाऱ्यावर ताटकळत उभा असतो. नूतनने सांगितलं, मी बाहेरची आहे. गोदूबाईंच्या घरात पाळी अजून पाळतात. चार दिवस तिला मागल्या खोलीत चटई मिळाली आणि कोणी ऊठ म्हणालं नाही. ह्या सुखाची तिला तेव्हाही लाज वाटली, पण चटक लागायची ती लागलीच.

गणपती आले. आमच्याकडे आरत्या सुरू झाल्या की संपता संपत नाहीत. नूतन पुन्हा बाहेरची झाली. बिचारीने दिवस मोजले नव्हते, सासूने मोजले.

"नारळी पुनवेला बसलेलीस ना? मइना तरी झाला काय?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं नूतनला झालं. मग विनेशनेच सगळं सांगून टाकलं. गोदूबाई नूतनकडे वळल्या.

"आजार हाय त सांगायचा. देवाच्या कामात खोटं कशाला बोललीस?"

संध्याकाळी त्यांनी स्वतः प्लास्टिकची खुर्ची आणून मखरासमोर मांडली. जमलेल्यांना ठणकावलं, सुनेला उभं न्हाय राहवत, कोणी तोंडं वाकडी करायची नाहीत. लोकांनी करायची ती केलीच. वाकलेल्या म्हाताऱ्या उभ्या आणि तरणीताठी सून बसलेली. नूतनची छाती शांत होती, पण लाजेने कान तापले होते.

गौरीपूजनाच्या सकाळी नूतनला खरोखरच पाळी आली. गोदूबाई ओटीचं ताट घेऊन निघाल्या होत्या. तिने त्यांना दारातच गाठलं.

"आये, मी आज बाहेर बसते. खरंच."

गोदूबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"आता कशाला गो? खुर्ची दिली हाय ना तुला."

पुन्हा खरंच म्हणायला नूतनची जीभ उचलेना. ती जाऊन खुर्चीत बसली. गोदूबाईंनी ताट तिच्या हातात दिलं आणि गौरीची पहिली ओटी तिलाच भरायला लावली.