रुमालाखाली पाच बोटं

सांगोल्याकडच्या आमच्या गावातनं एस.टी.च्या टपावर जातं चढवलं, तेव्हा अर्धं गाव हसायला जमलं होतं. निरोप द्यायला आलेलं माणूस डोळे पुसतं, शिदोरी हातात देतं. तुम्ही लोक तंबाखू मळत उभे होतात. कोण कोण होतं ते मला अजून तोंडपाठ आहे. कंडक्टर म्हणाला, "पाव्हणं, सोलापुरात पिठाच्या गिरण्या न्हाईत व्हय?" मी म्हणालो, "हायत की. पण त्या माझ्या न्हाईत."

माझा थोरला भाऊ, ज्याला तुम्ही सगळे दादा म्हणता, तो गर्दीतनं पुढं आला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ग्यानबा, पोरीच्या शिक्षणापायी घराला कुलूप लावणारा ह्या तालुक्यात तू पयलाच."

"पयला हाय म्हणूनच लावतोय. दुसरा असतो तर लाज वाटली असती."

"परत कवा येणार?"

"हिराची परीक्षा झाली की. तिला घिऊनच येतो, आन् तू सांगशील त्या घरात देतो."

हा शब्द मी भर स्टँडावर दिला. त्या शब्दाचं पुढं काय झालं याच्या गोष्टी तुम्ही पारावर बसून पुष्कळ रचल्या. म्हणून लिहायला बसलो आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण अक्षर तुमच्या मास्तरापेक्षा बरं आहे, आणि खरं काय ते मलाच ठाऊक आहे. गाव सोडून पोरांच्या मागं पुण्या-मुंबईला गेलेलेही हे वाचतील. त्यांना न सांगता कळेल.

मी धंद्यानं शेळ्यामेंढ्यांचा दलाल. घेणारा आणि विकणारा यांच्यामधला माणूस. आमच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. हातावर रुमाल टाकायचा, खालून समोरच्याचा हात धरायचा आणि बोटं दाबायची. दोन बोटं दाबली की दोन, सगळा पंजा आवळला की पाच. पटलं नाही तर त्यानं त्याचा आकडा दाबायचा. पटलं की "झालं" म्हणायचं आणि रुमाल झटकायचा. एकदा रुमाल झटकला की आत काय ठरलं ते सख्ख्या भावानंही विचारायचं नाही, आणि ठरलेलं फिरवायचं नाही. तोंडचा शब्द फिरतो. माणसं फिरवतात, देवासमोर फिरवतात. रुमालाखालचा सौदा फिरवलेला माणूस मात्र पुढच्या बाजारात उभा राहू शकत नाही. हे तुम्हाला माहीत आहे, पण मागनं जन्मलेल्यांसाठी सांगतो.

हिरा बार्शीला मामाकडं राहून बी.कॉम. झाली. मला तेवढं पुरे होतं. पण तुमच्यातलाच एक शहाणा विहिरीवर म्हणाला, "एम.कॉम.? ग्यानबाच्या पोरीला? ग्यानबाला इंग्रजीत सवताचं नाव येत न्हाय." झालं. मला कुणी नाही म्हणालं की मी हो म्हणतो, हा माझा जन्माचा स्वभाव आहे. आणि वयात आलेली पोर परक्या शहरात एकटी ठेवायची नाही, म्हणून सगळं बिऱ्हाड उचललं. आता तो शहाणा सांगतो की सल्ला त्याचाच होता.

सोलापूर मला पहिल्या दिवशी आवडलं नाही आणि आजही मी त्याचं कौतुक करत नाही. दोन खोल्या घेतल्या. शेजारी पद्मसाळ्यांचे, म्हणजे तेलुगू विणकरांचे माग. गावात मेंढरं ओरडायची, पण मेंढरू रात्री गप बसतं. माग गप बसत नाही. गावात कोंबडा आरवायचा, इथं गिरणीचा भोंगा. भोंगा झाला की सगळं शहर मेंढरागत एका दिशेनं चालू लागतं, आणि हेच लोक आम्हाला खेडवळ म्हणतात. पाणी नळाला, नळ सार्वजनिक, आणि नळावर भांडण तेलुगूत. बायको दोन महिन्यांत तेलुगू बोलायला लागली. मी शिकलो नाही. मी काय त्यांच्याकडं सोयरीक मागायला आलो होतो? कडक भाकरी आणि शेंगाची चटणी तेवढी बरी करतात. तीही घासभर जास्त तिखट.

आता हिराच्या विषयाचं ऐका. एम.कॉम.ला तिनं घेतला होता इंटरनॅशनल फायनान्स. म्हणजे देशोदेशीचा पैशाचा बाजार. ती संध्याकाळी मोठ्यानं वाचायची आणि मी भिंतीला टेकून ऐकायचो. पोर काय वाया चालली आहे ते बापाला कळायला नको?

"त्या बाजारात इकत्यात काय?" मी विचारलं.

"पैसा, आबा."

"आन् घेत्यात कशानं?"

"पैशानंच."

मी एवढा हसलो की शेजारचा माग थांबला. जनावर नाही, ज्वारी नाही, पैसा देऊन पैसा घ्यायचा. आमच्या बाजारातला येडा सुद्धा असा व्यवहार करणार नाही. तिची आई म्हणाली, "अवो, तिला वाचू द्या की. तुमाला परीक्षेला बसायचं हाय का?"

त्याच सुमारास अमेरिकेनं डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडली होती. हिराच्या कॉलेजात त्याचीच चर्चा. तिनं मला समजावलं, "आबा, आदी डॉलर सोन्याला बांधल्याला हुता, आन् बाकीची नाणी डॉलरला. आता दावं सोडलं. आता भाव रोज हलणार."

"सोडल्यालं जनावर दुसऱ्याच्या रानातच तोंड घालणार."

"आमचे सर बी तेच म्हणत्यात. इंग्रजीत."

"मग त्यांनी माज्याकडनं शिकलेलं दिसतंय."

मला त्या सगळ्या कारभाराची कीव यायची. फ्लोटिंग म्हणे. एक्स्चेंज रेट म्हणे. लंडनमधला माणूस न्यूयॉर्कच्या माणसाशी फोनवर सौदा करतो, दोघांनी एकमेकांचं तोंड बघितलेलं नसतं. मी विचारलं, "फोनवर हात कसा धरत्यात?" हिरा म्हणाली, "धरत न्हाईत. नुसतं 'झालं' म्हणत्यात. येकदा म्हणलं की झालं, मग भाव कुटंबी जाऊ दे. कागद मागनं येतो."

"आन् फिरला तर?"

"फिरला तर त्याच्याशी परत कुणी फोनवर बोलत न्हाय."

त्या दिवशी मी तिच्या कंदिलाची काच माझ्या हातानं पुसली.

दुसऱ्या वर्षी दुष्काळ पडला. तुम्ही म्हणालात, ग्यानबा गाव सोडून गेला म्हणून पाऊस गेला. माझ्याकडं एवढी ताकद असती तर मी फक्त तुमच्या रानावरचा पाऊस घालवला असता. तेव्हा तुम्ही दुष्काळी कामावर खडी फोडत होता, आणि तुमच्यातले कितीजण सोलापूरला माझ्याच दोन खोल्यांत येऊन आठ-आठ दिवस झोपले, ते मी इथं लिहीत नाही. जेवताना माझ्या जात्याला कुणी हसलं नाही.

परीक्षा झाली, आणि लगेच दादा आला. एकटा नाही. सोयरीक ठरवूनच आला. मुलगा माढ्याकडचा, ऊस, दोन विहिरी. दादा ओट्यावर बसला, पान जमवलं आणि म्हणाला, "चला. सामान बांदा. शब्द दिलायस."

शब्द दिला होता. मी नाही कुठं म्हणतो? बायकोनं मुकाट्यानं डबे उतरवायला घेतले. हिरानं तिची पुस्तकं सुतळीनं बांधली आणि गाठ मारताना ती सुतळी एवढी ओढली की तुटली. दुसरी घेतली. तीही तुटली. मी बघत होतो.

नेमके त्याच वेळी तिचे सर आले. पुण्याकडचा माणूस, धोतराची सवय नाही, मांडी घालून बसता येईना. म्हणाले, "आबा, हिरा कॉलेजात पहिली येणार यात शंका नाही. मुंबईच्या एका बँकेत परदेशी चलनाच्या खात्यात जागा आहे. मी तिचं नाव सुचवलंय. मुलींच्या वसतिगृहाची सोय होईल. तिला पाठवा."

दादा म्हणाला, "न्हाय. पोरगी घरी चाललीया. लगीन हाय तिचं."

सर माझ्याकडं बघत राहिले. दादा माझ्याकडं बघत राहिला. हिरा चहाच्या कपबश्या घेऊन दारात उभी, आणि तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. ती भिंतीकडं बघत होती. रडली असती तर मी तिला रागावलो असतो आणि सगळं सोपं झालं असतं.

मी खांद्यावरचा रुमाल काढला. सरांच्या समोर सरकलो, त्यांच्या हातावर रुमाल टाकला आणि खालून हात धरला. दादा ताठ झाला. बाजारातला माणूस तो, सौदा सुरू झाला की बोलायचं नाही हे त्याच्या हाडात आहे.

मी दोन बोटं दाबली. हिरा मुंबईला दोन वर्षं.

सरांनी माझा सगळा पंजा दोन्ही हातांनी आवळला. पाच!

मी तीन दाबली. त्यांनी पुन्हा पंजा आवळला, पहिल्यापेक्षा जोरात. डोळ्यांत पाणी बिणी आणलं. मी चारवर आलो. त्यांचं आपलं पाच. मी मान हलवली, एवढ्या मोठ्यानं सुस्कारा सोडला की दादानंही सोडला, आणि म्हणालो, "झालं."

रुमाल झटकला. दादाला म्हणालो, "पाच वरसं. सौदा झाला."

दादाचं पान तोंडात तसंच राहिलं. मग म्हणाला, "लई कडक गडी दिसतोय."

"हाय खरा. हललाच न्हाय."

दादा उठला, सरांना रामराम केला आणि माढ्याच्या पाव्हण्याला निरोप द्यायला निघून गेला. शब्द मोडला असता तर त्यानं मला जन्मभर सोडलं नसतं. सौद्यापुढं त्याचा इलाज नव्हता. आणि हिरानं सरांच्या पुढं चहा ठेवला.

आता तुमच्या पारावरची गोष्ट. तुम्ही म्हणता, ग्यानबा येडा. त्या मास्तराला बोटांची भाषा काय ठाऊक? त्याला वाटलं म्हातारा गहिवरला, म्हणून त्यानं हात दाबला, आणि ग्यानबा पाच वर्षांना फसला. पोरगी हातची गेली. हे सांगून तुम्ही दर बाजारी मिशीला पीळ भरता.

अरे, मी जन्मभर हात धरले. घामेजलेला हात, खोटा हात, गरजू हात, सगळे ओळखतो. ज्या हाताला बोट दाबलं की काय करायचं ते ठाऊक नाही, तो हात मला ओळखू येणार नाही? सरांचा हात लोण्यासारखा होता. पहिल्या दाबाला कळलं की ह्याला ओ की ठो कळत नाही. म्हणूनच तर धरला. कळणारा असता तर दोनावरच झालं म्हणाला असता, दोनात कुणाचं काय होतं? पाचावर तो अडला, आणि मी त्याला अडू दिला. रुमालाखाली काय झालं ते दादानं विचारायचं नाही, मी सांगायचं नाही. तुम्ही सगळे एवढे बाजार केलेले, आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नाही! एकीच्या आलं होतं. ती कपबश्या घेऊन दारात उभी होती.

ती मुंबईला गेली. तिला घेऊनच येतो म्हणालो होतो, म्हणून आम्ही सोलापुरातच राहिलो. तिच्या बँकेत ती दिवसभर फोनवर डॉलर आणि पौंडाचे भाव विचारते आणि "झालं" म्हणते. तो धंदा अजूनही मला खुळ्यांचा वाटतो. पण तिला दिलेला शब्द कुणी फिरवलेला मी ऐकला नाही, आणि तिनंही फिरवलेला नाही.

पाच वर्षं भरली तेव्हा दादा बरोब्बर आला. म्हातारा झाला होता, तरी हिशेबाला पक्का. हिराही मुंबईहून आली होती, डोळ्यांना चष्मा, हातात घड्याळ. दादा म्हणाला, "ग्यानबा, मुदत संपली. आता गावाकडं चल. तिला बी घे."

गावातल्या घराचं कुलूप गंजलं असेल. त्या घराची मला आठवण येते का, असं बायको विचारते. येते. सकाळी येते, मेंढरांचा आवाज यायला हवा असतो तेव्हा. पण जातं इथं आहे, आणि त्याच्यावर आता शेजारची तेलुगू बाई पण दळून नेते, मला न विचारता. मी तिला शिव्या देतो, मराठीत. ती मला तेलुगूत देते. तुमच्या पारावर एवढं खरं बोलणारं कुणी उरलं आहे का?

दादानं पुन्हा विचारलं, "काय ठरलं?"

मी हिराकडं बघितलं. तिनं माझ्याच खांद्यावरचा रुमाल ओढून घेतला, आमच्या दोघांच्या हातांवर टाकला, आणि खालून माझा हात धरला. ह्या हाताला सगळं कळत होतं. तिनं दाबलं, मी दाबलं. तिनं पुन्हा दाबलं. लई चिवट पोर. दादा मान लांब करून बघत होता, पण रुमाल कसा धरायचा ते तिला मीच शिकवलेलं आहे.

"झालं," ती म्हणाली. "झालं," मी म्हणालो, आणि रुमाल झटकला. संध्याकाळच्या एस.टी.नं दादा एकटाच गावाला गेला.

घर कुठं आहे, किती दिवसांचं आहे, कुणाचं आहे, ते सगळं आत ठरलं. तुम्ही विचारू नका. विचारायचं नसतं.