एक टेम्पो काळी माती

आमची मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा घरात इतकं बोलायची की कुकरला शिट्टी द्यायलासुद्धा संधी शोधावी लागायची. दाराबाहेर पाऊल टाकलं की मात्र तोंडाला कुलूप. लिफ्टमध्ये कुणी विचारलं, "काय गं, नाव काय तुझं?" की ती माझ्या पायांमागे जायची आणि नाव मी सांगायचो. आवडता रंग, नावडती भाजी, मामाचं गाव, सगळं मीच. ज्युनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो मी. प्रश्न विचारला आणि समोर शांतता पसरली की मला ती सहन होत नाही. अठरा वर्षं माझ्या प्रश्नांची उत्तरं मीच देत आलोय आणि त्याचाच पगार घेतोय.

मार्चमध्ये मोठ्या शिशुगटाच्या प्रवेशासाठी आम्ही तिघं एका शाळेत गेलो. बाईंनी प्रेमाने विचारलं, "बाळा, तुझं नाव काय?" मी सांगितलं. त्यांनी चित्र दाखवलं, "हा कोण?" मी म्हणालो, "हत्ती." बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सर, प्रवेश तुम्हाला हवाय का? बाकांची उंची जरा कमी आहे, पण बघता येईल." बायको फिसकन हसली. मग बाई गंभीर झाल्या. जूनपर्यंत ही चार पोरांत बोलायला लागली तर उत्तम, नाहीतर वर्षभर छोट्या गटातच बसू दे, असं त्यांचं म्हणणं पडलं.

परत येताना स्कूटरवर माझ्यापुढे उभी राहून मुलगी म्हणाली, "मला छोट्या गटात नाही बसायचं. तिथे सगळे रडतात." म्हणजे तिला सगळं कळलं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि त्या बाईंचा रागही आला. राग मी सिग्नलवरच्या रिक्षावाल्यावर काढला.

बायको बँकेत. तिला कसली आलीये सुट्टी! तिने घरी आल्यावर फर्मान काढलं, "या सुट्टीत तिला बाहेर काढ, पोरांत ने. तुला दुसरं काम काय आहे?" मला खरंच काही काम नव्हतं, म्हणून मी जास्त चिडलो आणि कामाला लागलो. इंटरनेटवरून लहान मुलांसाठी उन्हाळी उपक्रम उतरवून घेतले, वेळापत्रक केलं आणि त्याला लॅमिनेशन करून आणलं. माणूस एकदा मास्तर झाला की कागद साधा ठेवत नाही. नगरच्या सावेडीतल्या आमच्या बिल्डिंगला लागून एक मोकळा प्लॉट आहे. मालक पुण्यात राहतो आणि इथे बाभळी वाढवतो. त्याला फोन करून परवानगी घेतली आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर जाहीर केलं की सकाळी सात ते नऊ तीन ते सहा वयाची मुलं पाठवा. दोन तास पोरं कुणीतरी सांभाळतोय म्हटल्यावर माझ्या जागी दरोडेखोर असता तरी पालकांनी डबा भरून पाठवली असती. सहा पोरं आली, सातवी आमची.

पहिल्या दिवशी पानांचं वर्गीकरण होतं. ते शेजारच्या वस्तीवरच्या शेळीने केलं, खाण्याजोगी आणि न खाण्याजोगी. दुसऱ्या दिवशी पक्षी निरीक्षण. कावळे दोन, कबुतरं बरीच, आणि बाभळीला अडकलेली एक काळी पिशवी, जिला सगळ्यांनी एकमताने घार ठरवलं. मी प्रत्येक पोराला विचारत होतो, "तुला काय दिसलं? तुला काय आवडलं?" आमची माझं बोट धरून उभी. पोरं तिच्याकडे बघायला लागली की मी घाईने सांगायचो, "तिला साळुंकी आवडली बरं का." साळुंकी आलीच नव्हती, पण एवढं कोण बघतंय.

वेळापत्रकात पुढे वाळूतले खेळ होते. मी राहात्याच्या मेहुण्याला फोन केला. त्याचं स्वतःचं शेत आहे, टेम्पो आहे, आणि भाचीवर फार जीव आहे. म्हणालो, पोरांना खेळायला वाळू हवी, नाहीच मिळाली तर चांगलीशी माती पाठव. शेतकऱ्याला चांगली माती पाठव म्हणून सांगताना थोडा विचार करायला हवा होता.

तो स्वतःच टेम्पो घेऊन आला. मागचं फाळकं उघडलं आणि प्लॉटच्या मधोमध काळाभोर ढीग पडला. वास असा की बाभळीवरचे कावळे उडाले.

"अरे, हे काय आणलंस?"

"दाजी, वाळूचं काय खूळ घेतलंय? वाळूत काय उगवतंय व्हय? ही मळ्यातली माती हाय. शेनखत हाय, कारखान्याची मळी हाय, दोन वरीस मुरलीय. लई भारी माती हाय."

कारखान्याची मळी म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ. शेताला अमृत, नाकाला नाही.

"पेरायचं नाहीये रे, पोरांना खेळायचंय."

"मंग काय झालं? पोरं वाढतील की!"

त्याने भाचीला उचलून ढिगावर उभी केली, चहा घेतला आणि गेला. त्याच्याशी ती बोलायची, पण कानात.

आता इथे शहाणा माणूस थांबला असता. मी वेळापत्रकात 'चिखलकाम' शोधून काढलं आणि बोअरची नळी लावून ढिगाला भरपूर पाणी दिलं. काळ्या मातीच्या मुलखात जन्म गेला, ओली झाली की ती पाय सोडत नाही हे मला पाळण्यातच माहीत असायला हवं होतं. सकाळी सात वाजता पोरं उड्या मारत आत गेली आणि तिथेच राहिली. एकेकाला उपटून काढावं लागलं. चपला आतच गेल्या, त्या काढायला मी गेलो आणि मीही रुतलो. सगळ्यात धाकटा, दुसऱ्या मजल्यावरचा तीन वर्षांचा, छातीपर्यंत काळा होऊन आनंदाने टाळ्या वाजवत होता. सगळ्यांच्या अंगाला तो दोन वर्षं मुरलेला वास. लिफ्टला तो दोन दिवस राहिला. दुपारी ग्रुपवर तीन आयांनी एकाच शब्दात विचारलं, "सर???" आणि माझा उपक्रम बंद पडला.

मी घरात तोंड लपवून बसलो. एप्रिल संपत आला होता आणि मुलगी बाहेरच्या कुणाशी अक्षर बोलली नव्हती. बायको रोज बँकेतून आली की आधी तेच विचारायची. मी म्हणायचो, "प्रगती आहे." प्रगती कसली, डोंबल!

इकडे नगरच्या उन्हाने आठ दिवसांत ढिगाला असा तापवला की तो दगडासारखा टणक झाला. वासही गेला. एका सकाळी खालून आरडाओरडा ऐकू आला म्हणून मुलीला घेऊन गेलो, तर तीच पोरं ढिगावर. पुढारी होती तिसऱ्या मजल्यावरची सहा वर्षांची, सगळ्या पोरांची ताई. ती जूनमध्ये पहिलीत जाणार होती आणि आत्ताच कलेक्टर झाल्यासारखी वागायची. मला बघून तिने बजावलं, "काका, तुमचे खेळ नकोत. आम्ही डोंगर का पाणी खेळतोय."

ज्याच्यावर राज्य, त्याला सगळ्यांनी विचारायचं, "डोंगर का पाणी?" तो म्हणाला "डोंगर", की ढीग त्याचा. बाकीच्यांनी खाली जमिनीवर, म्हणजे पाण्यात, उतरायचं आणि त्याला चिडवत डोंगरावर पाय ठेवून पळायचं. वर सापडला, त्याच्यावर राज्य. "पाणी" म्हणाला तर सगळं उलट.

"हिला घ्या, पण ही कच्चं लिंबू हं," मी लगेच म्हणालो.

कच्च्या लिंबाने धावायचं, ओरडायचं, पण आउट व्हायचं नाही आणि राज्य घ्यायचं नाही. लहानग्यांसाठी ही सोय आपल्याकडे प्रत्येक खेळात असते. हिच्यावर राज्य आलं तर उत्तर द्यावं लागेल, ही गप्प राहील, पोरं हसतील. एवढा विचार मी क्षणात केला आणि स्वतःवर बेहद्द खूश झालो.

मे महिना असा गेला. ती धावायची, पडायची, गुडघे फोडून घ्यायची. पण तोंड बंद. टाळ्या वाजवणारा तो धाकटासुद्धा नाक ओढत "पानी!" म्हणून राज्य घ्यायचा. त्याच्याकडे ती टक लावून बघत राहायची. मला वाटायचं, दमली असेल.

शाळेला आठवडा उरला होता. त्या दिवशी राज्य ताईवर होतं आणि डोंगर तिचा होता. मी पंच म्हणून टोपी घालून ढिगाच्या माथ्यावर उभा. आमची मुलगी डोंगरावर चढली आणि पळालीच नाही. ताईचा हात तिच्या पाठीवर पडला.

"कच्चं लिंबू आहे, सोड," पोरं ओरडली.

"हो हो, कच्चं लिंबू आहे ती, चला पुढे," मीही.

ती हलली नाही. ताईच्या फ्रॉकचं टोक धरून म्हणाली, "मी कच्चं लिंबू नाहीये. माझ्यावर राज्य आहे."

मोठ्याने म्हणाली. सगळ्यांनी ऐकलं. ताईने दोन सेकंद विचार केला आणि निर्णय दिला, "बरं. तिच्यावर राज्य."

सहा गळे एकदम ओरडले, "डोंगर का पाणी?"

तिने मान खाली घातली. पोरं थांबली. धाकट्याने नाक ओढलं. तिची बोटं फ्रॉक चुरगाळायला लागली आणि मला राहवेना. माझ्या ओठांवर "पा" आलासुद्धा.

"काका!" ताईने डोळे वटारले. "राज्य तुमच्यावर नाहीये."

मी तोंड मिटलं. इतकी लांब शांतता मी वर्गात कधी टिकू दिली नव्हती. आणि या चार वर्षांत तिलाही कधी दिली नव्हती, हे मला तिथे टोपी घालून उभ्या उभ्या कळलं. लाज वाटली.

"डोंगर," ती म्हणाली.

पोरं किंचाळत खाली पळाली. मी तिच्याकडे बघत तसाच वर उभा. ती चढत आली आणि तिने माझ्या गुडघ्यावर सणसणीत चापट मारली.

"बाबा, हा माझा डोंगर आहे. तू आउट. खाली उतर."

मी उतरलो. डोळे भरून आले होते आणि पुसायला हात स्वच्छ नव्हते. वर ती एकटी उभी राहून सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होती, "बाबावर राज्य! बाबावर राज्य!"