अंगठ्याचे डोळे

आयुष्यभर झाडं कापणाऱ्या माणसाला गल्लीतली पोरं झाडकाका म्हणत, आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाच्या छपरावर साधी फांदी पडू दिली नव्हती.

चेनसॉ मात्र दुसऱ्याच्या हाती द्यायचे नाहीत. मागच्या दारात जुना कागद पसरायचे, फिल्टर ब्रशने झाडायचे, साखळीचा एकेक दात गोल कानशीने घासायचे. दाताला तीनच ओढी. मग डोळे मिटून डाव्या दातांवरून डावा, उजव्यांवरून उजवा अंगठा फिरवायचे.

"माझ्या अंगठ्याला डोळे आहेत," म्हणायचे.

"बरंय, त्यांना चष्मा तरी लागत नाही," बायको म्हणायची.

यंदा मशीन रुसली. सरळ धरली तरी उजवीकडे ओढायची. आणि दुसऱ्या दिवशी शाळेमागचं पोकळ झाड उतरवायचं होतं. चीर वाकडी गेली की झाड मैदान सोडून थेट वर्गांवर. त्यांनी प्लग बदलला, साखळी फिरते ती पट्टी उलटी बसवली, तेलाचं भोक काडीने मोकळं केलं. ओंडक्यावर लावून पाहिली. पुन्हा उजवीकडेच!

"पट्टी झिजलीय."

"अहो, मागच्याच महिन्यात आणलीत ना?"

"तू तुझं दूध बघ. उतू जाईल."

दूध उतरवून ती चष्मा लावून शेजारी उकिडवी बसली. डाव्या बाजूचे दात उजव्यांपेक्षा आखूड झाले होते. काही तर पार नखाएवढे उरलेले.

"हे दोन-दोनदा घासले गेलेत."

"माझ्या हातून? डोळे मिटून सांगतो, थांब." त्यांनी डावा अंगठा फिरवला. "हा बघ, बोथटच आहे अजून. हाही."

कागदावर लाल थेंब पडला. मग दुसरा.

"अहो, रक्त!"

"कुठे?"

डोळे उघडून ते इकडेतिकडे पाहू लागले. स्वतःचा हात सोडून सगळीकडे.

तिने त्यांचा डावा हात धरला. सकाळी पांढरी पडणारी ती बोटं, हातातून सुटलेले दोन पेले... हे सगळं ती आजवर वयावर ढकलत आली होती. मशीनच्या थरथरीने बोटांतला जीव केव्हाच नेला होता. तिने फडकं बांधलं. देवा, बोटंच नेलीस, माणूस ठेवलास, ती मनात म्हणाली.

"मी घासते. तुम्ही ओढी मोजा."

"घासशील गं. उद्या झाडावर मशीन कोण धरणार? तू?"

तिने फडक्याची गाठ आणखी घट्ट केली. थोड्या वेळाने त्यांनीच हेडमास्तरांना फोन लावला. "दुसरा माणूस बघा, सर. नाही, नाही, मशीनला काही झालेलं नाही."

मग त्यांनी टाकीतलं पेट्रोल डब्यात ओतून घेतलं. मशीन खूप दिवस पडून राहणार असली तरच ते असं करत, हे तिला ठाऊक होतं. चांगल्या हाताने दोरी ओढून त्यांनी ती चालू केली. आत उरलंसुरलं जळेपर्यंत तिथेच उभे राहिले. दोनदा खोकून मशीन गप्प झाली.

"साखळीला तेल लावून ठेव," ते म्हणाले. "गंजायला नको."